माणूस बोटाएवढा होतो, हे विज्ञानाच्या तासाला सांगावं का? (कारिक, वाल्या आणि आमची पाचवी-सहावी)

तापीकाठची
राम राम मंडळी. यावल तालुक्यातल्या एका जि. प. शाळेत पाचवी-सहावीला शिकवते. शनिवारी सकाळची शाळा असते, तेव्हा विज्ञानाचा तास मी गोष्टीला देते. सध्या यान लारी या रशियन लेखकाची कारिक आणि वाल्याच्या साहसांची कादंबरी चालू आहे. पुस्तक १९३७ चं. माझ्याकडे इंग्रजी अनुवाद आहे, तो समोर धरायचा आणि मराठीत, मधूनच आमच्या बोलीत सांगत जायचं.

ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी: कारिक आणि त्याची बहीण वाल्या एका प्राध्यापकांच्या अभ्यासिकेत शिरतात. तिथलं पेय सरबतासारखं गोड लागतं म्हणून पिऊन टाकतात आणि किड्याएवढी होतात. खिडकीत चतुर नावाचा एक उडणारा किडा बसलेला असतो, तो त्यांना पाठीवर घेऊन उडतो तो तळ्याकडे. प्राध्यापक येनोतोवांना उलगडा झाल्यावर ते मोठं करणारं चूर्ण एका पेटीत ठेवतात, खुणेला काठीवर निशाण लावतात आणि स्वतः तेच औषध पिऊन पोरांना शोधायला गवतात उतरतात. पुढे सगळा त्या निशाणापर्यंतचा प्रवास. वाटेत पाण्याखाली हवेचं घर बांधणारा कोळी भेटतो, मुंग्या भेटतात, मावा नावाच्या किड्याचं दूध काढून पितात. किडे मात्र सगळे खरे, खऱ्या सवयींचे.

पोरं अक्षरशः हलत नाहीत जागेवरून. अडचण दोन ठिकाणी आहे. एक सहकारी म्हणाले, "बाई, विज्ञानाच्या तासाला माणूस बारीक होतो म्हणून सांगता, उद्या पोरं पेपरात तेच लिहितील." आणि एका पोराने परवा विचारलं, "ते औषध खरंच असतं का?" मी घंटेकडे बघून वेळ मारून नेली. येत्या शनिवारी तो पुन्हा विचारणार. काय सांगू?

भरीतवाला
पहिली शंका. वाल्या हे मुलीचं नाव?? आमच्या गावात पोरं पहिल्याच पानावर विचारतील, हिचा वाल्मिकी कधी होतो.

तापीकाठची
@भरीतवाला, विचारून झालंय. पहिल्याच दिवशी.

चुंबक
धुळ्याला कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतो, तेव्हा गप्प बसणं शक्य नाही. तुमच्या सहकाऱ्यांचा आक्षेप चुकीचा आहे, पण गोष्टीतलं औषध त्याहून चुकीचं आहे. हिशेब करू.

कारिक समजा १३० सेंमी उंच आणि ३० किलोचा. उंची १०० पटीने कमी केली तर तो १.३ सेंमीचा झाला. लांबी, रुंदी, जाडी तिन्ही १०० ने घटल्या, म्हणजे घनफळ १० लाख पटीने घटलं. आता वजनाचं काय? ते ३० किलोच राहिलं तर चतुर त्याला उचलणं सोडा, पोरगं फरशी फोडून खाली जाईल. वजनही १० लाखांनी घटलं तर उरले ३० मिलिग्रॅम, आणि चतुराला ते जमेल. पण मग बाकीचे अणू गेले कुठे? समजा काढून टाकले. माणसाच्या मेंदूत साधारण ८६ अब्ज चेतापेशी असतात. १० लाखांनी भागा, उरल्या ८६ हजार. मधमाशीच्या मेंदूत सुमारे १० लाख असतात. म्हणजे वाटेत मधमाशी भेटली तर कारिकने तिलाच पत्ता विचारायला हवा.

सातपुडा_एक्स्प्रेस
सर, एका प्रतिसादात लहानपण खलास केलंत.

कोरडवाहू
पारोळ्याकडचा शेतकरी आहे, कापूस आणि थोडी तूर. पुस्तक वाचलेलं नाही, पण माव्याचं दूध म्हटल्यावर राहवलं नाही.

बाई, हे दूध आमच्याकडे रोज सांडतं आणि आम्ही त्याला चिकटा म्हणतो. कपाशीचं कोवळं पान उलटं करा. खाली पिवळट-हिरवे, काही काळपट, टाचणीच्या टोकाएवढे किडे शिरांना सोंड लावून बसलेले असतात. रस पितात, त्यातली साखर जास्त झाली की मागून टाकून देतात. तेच खालच्या पानांवर पडतं, हात लावला की चिकट लागतं, नंतर त्यावर काळी बुरशी चढते आणि पान काळं पडतं. मोबाइलला लावायचं स्वस्तातलं भिंग मिळतं, त्यातून एकदा मुंगी बघितली. माव्याच्या पाठीवर मिशांनी टकटक करते, थांबते, पुन्हा करते. माव्याच्या मागच्या टोकाला काचेसारखा स्वच्छ थेंब येतो, मुंगी तो पिते आणि पुढच्याकडे जाते. धार काढणंच झालं हे. म्हणून झाडावर मुंग्यांची येजा वाढली की मी पान उलटून बघतो.

आणखी एक. माव्याची बहुतेक पिल्लं नराशिवायच होतात आणि जिवंत जन्मतात. आईच्या पोटात लेक असते तेव्हाच त्या लेकीच्या पोटात नात तयार होत असते. उगीच नाही आठवड्यात पान भरून जात.

वाघूर
@कोरडवाहू, दादा, झकास लिहिलंत, आणि त्यातूनच माझा मुद्दा सिद्ध झाला. हे सगळं बघायला कुणाला बारीक करावं लागलं का? भिंग पुरलं. खरी गोष्ट एवढी रंगतदार असताना तिला जादूच्या औषधाची फोडणी कशाला?

मी बाईंच्या सहकाऱ्यांच्या बाजूने आहे. आपल्याकडे आधीच मांडूळ, नागमणी, करणी यांचा सुळसुळाट आहे. ज्या पोराला घरी सांगतात की साप दूध पितो, त्याला शाळेतही असलंच ऐकवायचं? विज्ञानाचा तास हा एकच तास आहे जिथे खोटं बोलायचं नाही. तो तरी सोडा.

अमळनेरची_लेक
@वाघूर, मांडूळ आणि कारिक एका पंगतीला बसवू नका. करणीच्या गोष्टीत काहीही होऊ शकतं, नियमच नाही. इथे लेखक एक खोटं मागून घेतो, ते पहिल्या प्रकरणात, उघडउघड. त्यानंतर कोळी कोळ्यासारखाच वागतो आणि मुंगी मुंगीसारखीच. पोरांचा जीव वाचतो तो प्राध्यापकांना किड्यांच्या सवयी माहीत असतात म्हणून, कुणी मंत्र म्हटला म्हणून नाही. मांडुळाच्या गोष्टीत प्रश्न विचारणारा मार खातो. इथे ज्याला जास्त माहीत तो वाचतो.

आणि भिंगाचं म्हणाल तर भिंगातून आपण वरून बघतो. किडा लहानच राहतो, आपण सुरक्षित. गोष्टीत तुम्ही खाली असता. कोळी तुम्हाला ओढून नेतो, त्याच्या पाण्याखालच्या हवेच्या घरात डांबून ठेवतो, आणि त्याने ती हवा पाण्याखाली नेली कशी हा प्रश्न तुमच्या जिवाचा होतो. अंगावरच्या केसांत धरून वरून थोडी थोडी आणतो, हे उत्तर पोर जन्मात विसरत नाही.

लारी स्वतः जीवशास्त्र शिकलेला, मत्स्यव्यवसायाच्या संशोधन संस्थेत काम करणारा माणूस. पोरांसाठी विज्ञानाचं काहीतरी लिहा, अशी मागणी त्याच्याकडे आली आणि हे पुस्तक झालं. तेव्हाही प्रकाशनातल्या मंडळींनी नाकं मुरडली होती. सोव्हिएत माणसाला किड्याएवढा करून त्याची किंमत कमी करता काय, असा काहीसा आक्षेप होता. शेवटी बालसाहित्यातले मोठे नाव असलेल्या मार्शाकने बाजू घेतली म्हणून ते जसंच्या तसं छापलं गेलं. तुमचे सहकारी, बाई, जुन्या परंपरेतले आहेत :)

शिरपूरवाली
मन्हा आंडोरले (पोराले) हाई गोष्ट सांगी. तो म्हने, माले बी बारीक करी दे, म्हंजे मास्तरले दिसाव नही.

भरीतवाला
@शिरपूरवाली, आंडोर हुशार शे!

चुंबक
अमळनेरची_लेक यांच्या 'एक खोटं' या मुद्द्याला माझा पूर्ण पाठिंबा. माझा आधीचा प्रतिसाद पुस्तकाविरुद्ध नव्हताच. हा हिशेब पाचवीतल्या पोराने मागितला तर बाईंचं काम झालं, एवढंच म्हणायचं होतं.

ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन यांचा १९२६ चा एक निबंध आहे, प्राण्याचा आकार केवढा असावा यावर. हेच हाल्डेन १९५७ मध्ये भारतात आले, इथलेच झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले. त्यांनी दाखवलंय की लहान प्राण्याला पडण्याची भीती नसते, पाण्याची असते. वजन घनफळावर ठरतं आणि हवेचा अडथळा पृष्ठभागावर, म्हणून मुंगी गच्चीवरून पडली तरी उठून चालू लागते. उलट माणूस अंघोळ करून निघतो तेव्हा अंगावर साधारण अर्धा किलो पाणी असतं, त्याला त्याचं काही वाटत नाही. आपल्या १.३ सेंमीच्या कारिकच्या अंगावर तेवढ्याच जाडीचा, म्हणजे अर्धा मिमीचा थर धरा. पृष्ठभाग साधारण १ चौ. सेंमी, म्हणून पाणी झालं ५० मिलिग्रॅम. स्वतःचं वजन ३०! एकदा भिजला की कपड्यांसकट विहिरीतून वर आल्यासारखी गत, फक्त विहीर अंगालाच चिकटलेली.

वजन सोडलं तर थंडी. लहान अंगाला वजनाच्या मानाने पृष्ठभाग जास्त, म्हणून उष्णता भराभर निघून जाते. उंदराला रोज स्वतःच्या वजनाच्या पाव हिश्शाएवढं खावं लागतं. सर्वात लहान सस्तन प्राणी साधारण २ ग्रॅमचे आहेत. त्याखाली ऊबदार रक्ताचा संसार चालत नाही. ३० मिलिग्रॅमच्या कारिकने सकाळपासून रात्रीपर्यंत फक्त मावाच पिळायला हवा.

सातपुडा_एक्स्प्रेस
यात आमच्या हॉस्टेलच्या पोरांचा दाखला दिला असता तरी कळलं असतं. रात्रंदिवस खातात, तरी अंगाला लागत नाही.

निशिगंधा_नंदुरबार
सगळे कौतुक करताहेत म्हणून थोडं मीठ टाकते. मी हे माझ्या भाच्यांना वाचून दाखवलं आणि दोन गोष्टी खटकल्या. एक, प्राध्यापक फार बोलतात. समोरून किडा अंगावर येतोय आणि हे त्याचं कूळ सांगताहेत. भाची म्हणाली, "मावशी, आता हे पान उलट." दुसरं, वाल्याच्या वाट्याला रडणं आणि भूक लागणं जरा जास्तच आलंय. कारिक झेप घेतो, ही मागे राहते. १९३७ चं पुस्तक आहे, मान्य, पण आजच्या वर्गात निम्म्या पोरी बसलेल्या असतात. मी सरळ काही ठिकाणी दोघांची कामं बदलून सांगितली. बाईंनीही करावं, लेखक काही येणार नाही विचारायला.

पुणेकर_मूळचा_चोपड्याचा
वा, काय धागा! इथे फ्लॅटच्या बाल्कनीत साधी मुंगीसुद्धा दिसत नाही हो. लहानपणी चोपड्याला ओट्याखालच्या भुसभुशीत मातीत नरसाळ्यासारखे खड्डे असायचे, तळाशी एक किडा जबडा वासून लपलेला. आम्ही त्यात मुंगी सोडायचो. ती वर चढायला लागली की तो खालून माती उडवायचा आणि ती घसरत परत त्याच्या तोंडात. तासन्‌तास बघायचो. पुढे कळलं की तो किडा मोठा होऊन चतुरासारखा पंखांचा होतो. गेले ते दिवस!

वाघूर
@पुणेकर, मुंगी सोडताना दया नाही आली का? :P

बरं, अमळनेरची_लेक यांचं 'एक खोटं' मला अर्धं पटलंय. पण दुसरी अडचण घ्या. ते तळं रशियातलं. तो पाण्याखाली घर करणारा कोळी युरोपात आणि उत्तर आशियात राहतो. यावलच्या पोरांनी तापीत शोधायचा म्हटलं तरी मिळणार नाही. मग हे विज्ञान त्यांच्या काय कामाचं? परीकथाच झाली की.

चुंबक
@वाघूर, हा आक्षेप बरोबर आहे आणि त्याचा उपाय फुकट आहे. पोरांनाच सांगा, औषध आपल्या वावरात प्यायचं. मे महिन्यात. भुसावळला पारा ४५ च्या पुढे, पण तो पारा सावलीत आणि जमिनीपासून चांगला वर टांगलेला. उघड्या काळ्या मातीचा पृष्ठभाग ६० च्या वर जातो. तुम्ही १.३ सेंमीचे, म्हणजे डोकंसुद्धा त्या तव्यावरच. मुंग्या भरदुपारी गायब का होतात, याचं उत्तर पोरं स्वतः देतील. कुठे लपायचं? भेगांत. काळ्या मातीतली चिकणमाती पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की आकसते, म्हणून उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. कारिकसाठी ती दरीच. आत गारवा आहे, आणि आणखी कोण कोण आहे ते पोरांना ठरवू द्या. मग पहिला वळवाचा पाऊस. ३ मिमीचा एक थेंब साधारण १४ मिलिग्रॅमचा, जवळजवळ पोराच्या निम्म्या वजनाचा, तो डोक्यावर. आणि त्या पावसाने भेगा मिटायला लागतात.

सातपुडा_एक्स्प्रेस
सर, ही कादंबरी तुम्ही लिहा. पहिली प्रत माझी.

भरीतवाला
आणि कृपया कुणी सुगरणीचा खोपा आणू नका. खान्देशच्या प्रत्येक धाग्यात तो येतोच.

अमळनेरची_लेक
आणलाच की तुम्ही.

कोरडवाहू
आमच्या वावरात उतरणार असाल तर खलनायक मी सुचवतो. शेंदरी बोंडअळी. २०१७ ला तिने जे केलं ते इथल्या कुणाला सांगायला नको.

तिची गोष्ट पोरांच्या उंचीवरूनच कळते. पतंग रात्री येतो, पात्यांवर (म्हणजे कळ्यांवर) आणि फुलांवर अंडी घालतो. बारीक अळी फुलात शिरून पाकळ्या आतून जाळ्याने बांधते, फूल उमलतच नाही, गुलाबाच्या कळीसारखं मिटून राहतं. त्याला आम्ही डोमकळी म्हणतो. पुढे बोंडात शिरते आणि शिरल्याचं भोक बुजून जातं. बाहेरून बोंड हिरवंगार, आत ती सरकी खातेय. तुम्ही फवारा कितीही, औषध तिच्यापर्यंत जातच नाही. हंगाम संपला की दोन सरक्या एकमेकींना चिकटवून त्यांच्या पोकळीत झोपून राहते, पुढच्या पेरणीपर्यंत. कारिक-वाल्याने ते दार उघडलं तर काय दिसेल, तो प्रसंग लिहिला पाहिजे कुणीतरी.

नायकही आहे. ट्रायकोग्रामा, अर्धा मिमीची गांधीलमाशी. कारिकच्या तळहातावर मावेल एवढी. ती बोंडअळीच्या अंड्यातच आपलं अंडं घालते. अळी जन्मायच्या आधीच संपते. तिची कार्डं मिळतात, पानाला टाचायची.

भरीतवाला
दादा, एक विचारू? आम्ही वांगी भाजतो ती पऱ्हाट्यांवर, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांवर. गॅसवरच्या भरताला ती चव नाही, हे मी शपथेवर सांगतो. म्हणून घराच्या मागे पऱ्हाट्यांची गंजी असते वर्षभर. त्यात असते का ही बाई?

कोरडवाहू
असते ना. झाडावर राहिलेल्या किडक्या बोंडांत झोपलेली असते. म्हणूनच फरदड (जुन्याच झाडांवरचं दुसरं पीक) घेऊ नका, पऱ्हाट्या लवकर काढा, बांधावर रचून ठेवू नका, असं सगळे सांगतात. भरतासाठी ठेवायच्याच तर किडकी बोंडं तोडून जाळा आणि पावसाळ्याच्या आत गंजी संपवा.

भरीतवाला
म्हणजे जास्त भरीत खाल्लं की बोंडअळी कमी. विज्ञान मला आजपासून पटलं.

वाघूर
कोरडवाहू दादांचा प्रतिसाद वाचून मी थोडा मागे सरकतो. पण एक अट. गोष्ट संपल्यावर खोटं कुठलं आणि खरं कुठलं हे पोरांना स्पष्ट सांगायचंच. गोलमाल नको.

जुना_पेपरवाला
लेखकाचं पुढे काय झालं ते कुणी लिहिलं नाही. लारीने १९४० च्या अखेरीस टोपणनावाने थेट स्टालिनला एका कथेची प्रकरणं पाठवायला सुरुवात केली. परग्रहावरून आलेला पाहुणा सोव्हिएत देशातली दुर्दशा बघतो, अशी कल्पना. पोलिसांनी माग काढला, एप्रिल १९४१ मध्ये अटक, छावणीची शिक्षा. निर्दोष ठरला १९५६ ला. पोरांना वरून नको, खालून बघा म्हणणाऱ्या माणसाने राज्यकर्त्याला परक्याच्या डोळ्याने बघायला सांगितलं, ते महागात पडलं. छावणीनंतरही त्याने पोरांसाठी लिहिलं. १९७७ ला गेला.

निशिगंधा_नंदुरबार
हे माहीत नव्हतं. प्राध्यापक फार बोलतात म्हणून मी तक्रार केली होती ना, तो शब्द मागे घेत नाही, पण आवाज कमी करते.

अमळनेरची_लेक
नुसत्या माहितीची पुस्तकं आणि गोष्ट यांतला फरक शाळांना पूर्वीपासून कळत आलाय. स्वीडनच्या शिक्षकांना भूगोलाचं वाचन-पुस्तक हवं होतं, ते त्यांनी सेल्मा लागरलोफ यांच्याकडून लिहून घेतलं. त्यांनी एका खोडकर पोराला बुटका करून हंसाच्या पाठीवर बसवलं आणि १९०६-०७ मध्ये अख्खा देश वरून दाखवला. १९०९ ला त्यांना साहित्याचं नोबेल मिळालं. पोराला लहान करायची युक्ती शिक्षकांनीच विकत घेतलेली आहे, बाई. सहकाऱ्यांना सांगा.

तापीकाठची
सगळ्यांचे आभार. शनिवार पार पडला, म्हणून सांगते.

पोराने विचारायच्या आधीच सांगून टाकलं. औषध खोटं. असं औषध नाही, होणारही नाही, आणि का नाही ते चुंबक सरांचा हिशेब फळ्यावर मांडून दाखवलं. शून्यं लिहिताना जागा कमी पडली. मधमाशीच्या अकलेवर वर्ग दहा मिनिटं हसत होता. मग म्हटलं, आता पुस्तकातलं दुसरं कुठलं खोटं सापडतं का बघा, सापडलं की माझ्याकडे आणा. तोंडं उतरतील असं मला वाटलं होतं, पण वर्ग पोलिसांसारखा झालाय. एक मुलगी म्हणाली, "बाई, एवढ्याशा गळ्यातून आवाज निघेल, पण तो मोठ्या माणसाला ऐकू येईल का?" मला उत्तर येईना. सर?

सहकाऱ्यांचं म्हणाल तर ते अजून म्हणतात की पेपरात घोळ होणार. बघू.

चुंबक
त्या मुलीला माझ्याकडून पेन. मुलांचा बोलण्याचा स्वर साधारण २५० हर्ट्‌झच्या आसपास असतो. स्वरतंतू १०० पटीने आखूड झाले की ढोबळमानाने स्वर १०० पट चढेल, म्हणजे २५,००० हर्ट्‌झ. माणसाच्या कानाची वरची मर्यादा २०,०००, आणि वय झालं की तीही उतरते. कारिकने कितीही बोंबललं तरी आईला ऐकू जाणार नाही. आणि आईची हाक त्याच्या बारीक कानाला फार खालच्या पट्टीची, तीही नीट कळायची नाही. वटवाघळाला मात्र दोघांचं भांडण स्वच्छ ऐकू येईल.

डोळ्याचंही विचारलं तर: बाहुली ३ मिमीवरून ०.०३ मिमीची. एवढ्या बारीक भोकातून येताना प्रकाश फाकतो, साधारण एका अंशापेक्षा बारीक काही वेगळं दिसत नाही. मधमाशीला जवळजवळ तसंच दिसतं.

वाघूर
पाचवीची पोरगी हे विचारते आणि आम्ही इथे चार दिवस मांडुळावर भांडतोय. बाई, वाचा तुम्ही. पुढची प्रकरणंही वाचा.

कोरडवाहू
बाई, पारोळा तुम्हाला लांब पडेल, पण वर्गाला वावरात न्यायचं असेल तर तुमच्याकडच्या कुठल्याही कपाशीवाल्याला आधी विचारा की फवारणी कधी केली. केली असेल तर पोरं नेऊ नका. नसेल तर सकाळी लवकर न्या, ऊन चढलं की मावा दिसतो पण पोरं कंटाळतात. पान तोडू नका, वाकवून बघा. आणि काळ्या अंगावर नारिंगी ठिपक्यांची, मगरीसारखी दिसणारी बारीक अळी दिसली तर चिरडू देऊ नका, ती ढालकिड्याची पिल्लं आहेत, मावा खातात. आम्ही कित्येक वर्षं त्यांनाच शत्रू समजून मारत होतो.

तापीकाठची
आमच्याच एका पालकांचं वावर शाळेच्या मागे आहे, विचारते. भिंगं किती लागतील?

कोरडवाहू
दोन-तीन पोरांत एक पुरे. जास्त दिली की पाखरांना जाळायचे उद्योग सुरू होतात, आम्ही केलेत.

भरीतवाला
आणि वावरात गेल्यावर भरीत?

कोरडवाहू
भाऊ, आत्ता कुठे पाती लागताहेत. थंडी पडू द्या, मग या.